झाकणाखालचा आवाज : जोनी मिचेलचा पहिला अल्बम, २०२१च्या मिक्समध्ये

कॅनडाची गायिका-गीतकार जोनी मिचेल हिचं नाव निघालं की लोक थेट १९७१च्या ‘ब्लू’वर जातात. फारच मागे गेले तर १९६९च्या ‘क्लाउड्स’पर्यंत. त्याच्याही आधी, मार्च १९६८ मध्ये रिप्राइज कंपनीनं तिची पहिली एलपी काढली होती, ‘साँग टू अ सीगल’. ती बहुतेकांनी एकदा ऐकून बाजूला ठेवलेली असते. तेव्हाही तेच झालं. अमेरिकेतल्या बिलबोर्ड मासिकाच्या खपाच्या यादीत ती १८९व्या क्रमांकापर्यंत कशीबशी पोचली. पुढच्याच ‘क्लाउड्स’नं ३१वा क्रमांक गाठला, वर ग्रॅमीही मिळवलं, आणि पहिला अल्बम ‘सुरुवातीचं काम’ म्हणून अडगळीत गेला.

नवखेपणा हे कारण मात्र इथे लागू पडत नाही. हा अल्बम आला तेव्हा गीतकार म्हणून तिचं नाणं बाजारात चालत होतं. १९६७ मध्ये लोकगायिका जूडी कॉलिन्सनं ‘वाइल्डफ्लॉवर्स’मध्ये तिची दोन गाणी घेतली होती, लोकगायक टॉम रशही तिची गाणी गात होता. गाणी पक्की, गळा तयार, गिटारवर हात बसलेला. बिघडलं ते रेकॉर्डिंग. ते कसं बिघडलं हे कळलं की या अल्बमची कोणती आवृत्ती घ्यायची आणि कोणती घ्यायची नाही, हे आपोआप ठरतं.

निर्माता होता डेव्हिड क्रॉसबी. १९६७च्या शरदात ‘द बर्ड्स’ या रॉक बँडमधून त्याला बाहेर काढलेलं होतं. फ्लोरिडातल्या कोकोनट ग्रोव्हमध्ये त्यानं जोनीला ऐकलं आणि तिला घेऊन हॉलिवूडच्या सनसेट साउंड स्टुडिओत आला. त्याचं सगळ्यात मोठं काम म्हणजे त्यानं जे होऊ दिलं नाही ते. १९६८ मध्ये एकटी मुलगी गिटार घेऊन आली की तिच्यामागे ड्रम आणि व्हायोलिनं बसवायची, असा कंपन्यांचा रिवाज होता. क्रॉसबीनं ते सगळं दाराबाहेर ठेवलं. दहा गाण्यांत बाहेरचे दोनच हात दिसतात : ‘नाइट इन द सिटी’त बफेलो स्प्रिंगफील्ड बँडच्या स्टीफन स्टिल्सचा बास गिटार, आणि ‘नेथन ला फ्रनीर’मध्ये दुसऱ्या एकानं काढलेला एक विलक्षण आक्रोश, ज्याला श्रेयनामावलीत ‘बॅन्शी’ (आयरिश लोककथांतलं टाहो फोडणारं भूत) म्हटलंय. बाकी सगळं जोनीचं.

इथपर्यंत ठीक. मग क्रॉसबीला एक युक्ती सुचली, आणि तीच नडली.

त्यानं तिला स्टुडिओतल्या ग्रँड पियानोच्या तारांवर गायला लावलं आणि त्या तारांची आस, म्हणजे मागे रेंगाळणारी गुंज, पकडायला जादा माइक लावले. यामागचं तत्त्व आपल्याला तरफांमुळे ओळखीचं आहे. सतारीवर मुख्य तार छेडली की खालच्या तरफा हात न लावता बोलतात, कारण त्यांचा स्वर जुळलेला असतो. पियानोचा उजवा पेडल दाबून धरला की तारांवरचे नमद्याचे डँपर उचलले जातात आणि दोनशेहून अधिक तारा एकदम मोकळ्या होतात. मग त्यात तोंड घालून एक स्वर लावा आणि थांबा; पियानो तोच स्वर परत देतो. कुठल्याही खऱ्या पियानोवर हे अर्ध्या मिनिटात करून बघता येतं. कीबोर्डवर मात्र होत नाही, कारण त्यात तारा नसतात.

फरक एवढाच की तरफा रागातल्या स्वरांनाच मिळवलेल्या असतात, त्यामुळे नको तो स्वर गुंजत नाही. पियानोत सगळे अर्धस्वर हजर. मागचा स्वर विरायच्या आत पुढचा येतो आणि दोन्ही एकमेकांत मिसळून धुकं तयार होतं. जोनीच्या वरच्या पट्टीतल्या, लांब धरलेल्या स्वरांना हे धुकं शोभतं. भरभर शब्द असलेल्या ओळींवर मात्र ते सायीसारखं जमतं.

खरा घोटाळा पुढचा. तारांची ही आस गळ्याच्या मानाने फार क्षीण असते. ती ऐकू यावी म्हणून माइकची पातळी खूप वर न्यावी लागते, आणि तिच्याबरोबर खोलीतला आवाज, यंत्रांचा आवाज, टेपची सळसळ सगळंच वर येतं. सारख्याच गोंगाटाचे दोन माइक मिसळले की गोंगाट ३ डेसिबलनी वाढतो, चार मिसळले की ६. जोरकस बँड असता तर त्याखाली तो बुडाला असता. इथे एक गळा आणि एक गिटार, लपायला जागाच नाही. शेवटी टेपवर इतकी सळसळ आली की ती नंतर गाळावी लागली. त्या काळी गाळणं म्हणजे वरच्या कंपनसंख्याच कापणं. ‘स’, ‘श’, ‘त’सारख्या व्यंजनांची धार, तारेला नख लागतानाचा टिचका, ओळीआधीचा श्वास, हे सगळं साधारण ५ ते १० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात राहतं, आणि सळसळही तिथेच सगळ्यात जास्त टोचते. सळसळ गेली, तिच्याबरोबर तेही गेलं. उरला एक गोड पण मंद आवाज, जाड पडद्यामागून आल्यासारखा. २०२१ मध्ये खुद्द जोनीनं मूळ मिक्सला भयंकर म्हटलं, जेलीच्या वाडग्याखाली रेकॉर्ड केल्यासारखा. उपमा तिचीच, आणि चपखल आहे.

म्हणूनच २ जुलै २०२१ला आलेला ‘द रिप्राइज अल्बम्स (१९६८–१९७१)’ हा चार अल्बमचा संच महत्त्वाचा. त्यात या अल्बमचं मिक्सच नव्यानं केलंय, जोनीच्या देखरेखीखाली, मॅट ली या इंजिनिअरनं. ‘रीमास्टर’ आणि ‘रीमिक्स’ हे शब्द लोक सर्रास अदलून बदलून वापरतात, पण इथे तोच सगळा मुद्दा आहे. मास्टरिंग होतं ते मिसळून झालेल्या पक्क्या टेपवर. तिथे वरचा पट्टा आधीच कापलेला असेल तर तो कोणत्याही यंत्राला परत आणता येत नाही. ट्रेबल वाढवला तर उरलीसुरली सळसळ तेवढी मोठी होते. रीमिक्स करताना त्याच्या मागच्या टप्प्यावर जातात, जिथे गळा, गिटार वेगवेगळ्या ट्रॅकवर आहेत, आणि कुणाला किती पुढे आणायचं ते पुन्हा ठरवतात. कालवण खारट झाल्यावर बटाटा टाकणं वेगळं आणि पहिल्यापासून मीठ बेतानं घालणं वेगळं.

फरक तपासायचा तर ‘मायकल फ्रॉम माउंटन्स’ घ्या. जुनी सीडी किंवा जुनी फाइल आणि नवं मिक्स, दोन्हींतलं पहिलं मिनिट. आधी दोन्हींची पातळी गळ्याच्या आवाजावर कानाने सारखी करून घ्या, कारण जो जरा मोठा वाजतो तो कानाला उगाचच चांगला वाटतो. अशा तुलनांत बहुतेक जण इथेच फसतात. इक्वलायझर बंद, बास बूस्ट बंद. पावसाचं गाणं आहे. डबक्यावर तेलाचा तवंग पसरून रेशमी कापडासारखी नक्षी उमटते आणि गटारात वाहून जाते, अशी त्यात एक प्रतिमा येते. जुन्या मिक्समध्ये ही ओळ एका गोळ्यासारखी कानावर पडते, शब्द आठवणीनं भरून काढावे लागतात. नव्यात प्रत्येक व्यंजन सुटं आहे, आणि त्याखाली गिटारच्या वरच्या दोन तारा एकीपाठोपाठ एक थेंबासारख्या पडताना ऐकू येतात. अंगठा खालच्या तारांवर ठेका धरून आहे, बोटं वर नक्षी काढताहेत, हे दोन थर वेगळे ओळखता येणं म्हणजे या अल्बमचं निम्मं सुख.

‘नाइट इन द सिटी’ ही दुसरी परीक्षा. अडीच मिनिटांचं, अल्बममधलं एकमेव नाचरं गाणं. पियानो जोनीनंच वाजवलाय, आणि धृपदात तिचेच आवाज एकावर एक चढवलेत, एक मागून येऊन दुसऱ्याला गाठतो असे. स्टिल्सचा बास नुसता खालचा स्वर धरून बसत नाही, गाण्याच्या पुढे पळतो. जुन्या मिक्समध्ये हा बास आणि पियानोचा डावा हात एकमेकांत चिकटलेले वाटतात. नव्यात ते सुटे होतात.

‘नेथन ला फ्रनीर’बद्दल मतं टोकाची असतात. विमानतळाकडे नेणारा एक चिडका टॅक्सीवाला, खिडकीबाहेरचं उकिरड्यासारखं शहर, आणि मध्येच तो बॅन्शीचा टाहो. पहिल्यांदा ऐकताना प्लेअर बिघडला की काय असं वाटतं. बिघडलेला नसतो. शहराला तोंड फुटलं तर ते कसं ओरडेल, ते तिथे ठेवलंय. युक्ती थोडी भडक आहे हे कबूल, पण टॅक्सीतल्या दोन माणसांमधला तुसडेपणा तिच्यामुळेच अंगावर येतो.

‘मार्सी’ मात्र कसलीही युक्ती न करता काम करतं. पत्राची वाट बघणारी एक मुलगी; लाल आणि हिरवा हे दोनच रंग गाणंभर जागा बदलत राहतात, मिठाईत, ऋतूंत, रस्त्यावरच्या दिव्यांत. साडेचार मिनिटं फक्त गिटार. इथे नवं मिक्स जुन्याहून फार पुढे जात नाही, कारण मुळातच धुकं कमी आहे.

उलट्या बाजूला ‘द पायरेट ऑफ पेनन्स’ पावणेतीन मिनिटांत एक छोटं नाटक करतं. खून झालाय, दोन बायका बोलताहेत, दोघींचे आवाज जोनीचेच आणि एकमेकींवर चढलेले. जुन्या मिक्समध्ये कोण काय म्हणतंय ते हातात शब्द घेऊन बसल्याशिवाय कळत नाही. नव्यात दोघी बऱ्याच वेगळ्या पडतात, तरी पूर्ण नाही. हा दोष मिक्सचा नाही, रचनेचाच : दोन्ही ओळी जवळजवळ एकाच उंचीवर गातात. एक खाली आणि एक वर ठेवली असती तर कानाने दोघींना आपोआप वेगळं धरलं असतं. ‘द डॉनट्रेडर’ पाच मिनिटांचं आहे आणि तेवढं लांब असायचं काही कारण नाही; लाटांसारखी गिटार सुंदर आहे, पण चौथ्या मिनिटाला भरतीही संपलेली असते.

एक प्रश्न नेहमी विचारला जातो : ‘बोथ साइड्स नाउ’, ‘द सर्कल गेम’, ‘चेल्सी मॉर्निंग’, ‘अर्ज फॉर गोइंग’ ही तिची गाजलेली गाणी तेव्हा तयार असूनही इथे का नाहीत? कंपनीच्या हिशेबाने हा वेडेपणाच. त्याच वर्षाच्या अखेरीस कॉलिन्सच्या आवाजातलं ‘बोथ साइड्स नाउ’ अमेरिकेत पहिल्या दहांत गेलं. पण अल्बमची बांधणी बघितली की उत्तर मिळतं. पहिल्या बाजूचं नाव आहे ‘मी शहरात आले’, दुसरीचं ‘शहराबाहेर, समुद्राकडे’. ‘आय हॅड अ किंग’मध्ये लग्न मोडतं, किल्ली आता त्या दाराला लागत नाही, मग पाऊस, रात्र, पत्राची वाट, टॅक्सी, विमानतळ. बाजू पालटली की खुर्च्यांवर झुलत बसलेली माणसं, बोट, समुद्रपक्षी. आणि शेवटी ‘कॅक्टस ट्री’ : एकामागून एक पुरुष येतात, प्रत्येकाचं प्रेम खरं आहे, आणि बाई मोकळं राहण्यात गुंतलेली आहे. या साखळीत गाजलेलं एखादं गाणं घुसवलं असतं तर ते पाहुण्यासारखं मध्येच बसून राहिलं असतं. म्हणून स्ट्रीमिंगवर ऐकताना शफल बंद करा. एकूण सुमारे ३८ मिनिटं लागतात. पाचव्या गाण्यानंतर एलपी पालटायला लागतो तेवढा विराम घेतला तर आणखी चांगलं.

‘सिसोटोबेल लेन’ हे नाव कुठल्याही नकाशात सापडत नाही, शोधू नका. अडचणी असूनही आपलं प्रेम टिकेल, अशा अर्थाच्या इंग्रजी वाक्यातल्या शब्दांची आद्याक्षरं जोडून तिनं ते बनवलंय.

गिटार वाजवणाऱ्यांसाठी हा अल्बम म्हणजे खाणच आहे, पण नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये बसून कॉर्ड शोधायला गेलात तर डोकं धराल. नवव्या वर्षी झालेल्या पोलिओमुळे जोनीचा डावा हात अशक्त राहिला, आणि अवघड कॉर्ड धरण्यापेक्षा तिनं ताराच वेगळ्या मिळवायला सुरुवात केली. त्यांची नोंद ती सोप्या रीतीनं करते : आधी सहाव्या तारेचा स्वर, मग प्रत्येक तार कितव्या फ्रेटवर दाबली की पुढच्या तारेशी जुळते तो आकडा. सुरुवात करायची तर ओपन डी घ्या, म्हणजे डी ७-५-४-३-५. सहावी तार ई वरून डी, तिच्या सातव्या फ्रेटशी पाचवी जुळते, म्हणजे ए आहे तशीच. पाचवीच्या पाचव्याशी चौथी, डी आहे तशीच. चौथीच्या चौथ्याशी तिसरी, म्हणजे जी वरून अर्धा स्वर उतरून एफ शार्प. तिसरीच्या तिसऱ्याशी दुसरी, बी वरून ए. आणि दुसरीच्या पाचव्याशी पहिली, ई वरून डी. काही न दाबता सगळ्या तारा छेडल्या की डी मेजर वाजतो.

चुका ठरलेल्या असतात. तार नुसती सैल करून सोडली की ती खुंटीच्या वळ्यांत अडकून राहते आणि दोन मिनिटांनी आणखी उतरते. म्हणून हव्या स्वराच्या थोडं खाली जाऊन मग वर चढवत मिळवायची. चार तारा सैल केल्या की मानेवरचा ताण कमी होतो आणि हात न लावलेल्या पाचवी-चौथी किंचित चढतात. सगळ्या मिळवून झाल्या की पुन्हा एक फेरी घ्यावीच लागते. बारा नंबरचा हलका संच असेल तर डी वर उतरलेली सहावी तार फ्रेटवर खडखडते. तेराचा संच लावला की थांबते. आणि तार उतरवताना नटमध्ये (मानेच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीत) ‘टिक्’ असा आवाज आला तर खाच घट्ट आहे. तिथे शिसपेन्सिल घासा, पकडीनं ओढू नका. अल्बममधल्या एकेका गाण्याची ट्यूनिंग आणि कॅपोची (तारा दाबून धरणाऱ्या चिमट्याची) जागा तिच्या अधिकृत संकेतस्थळावर मिळते. ती गाण्यागणिक बदलते, त्यामुळे एकाच बैठकीत सगळा अल्बम वाजवायचा हट्ट नको.

विकत घेताना काय बघायचं? मूळ एलपी, क्रमांक आरएस ६२९३, जुन्या बाजारात अजून मिळते. मुखपृष्ठावरचं चित्र जोनीचंच. त्यात उडणाऱ्या पक्ष्यांच्या थव्यानं अल्बमचं नाव लिहिलं होतं. छपाईत कडेचे पक्षी कापले गेले, नाव अर्धवट झालं आणि अल्बम बराच काळ नुसता ‘जोनी मिचेल’ म्हणून ओळखला गेला. त्यामुळे जुन्या याद्यांत दोन्ही नावं शोधा, वस्तू एकच. घेण्याआधी प्रत्येक बाजूचं शेवटचं गाणं वाजवून बघा, म्हणजे ‘नेथन ला फ्रनीर’ आणि ‘कॅक्टस ट्री’. आतल्या खाचांत सुईखालून जाणाऱ्या रेषेचा वेग कमी होतो, वरचे स्वर तिथेच आधी झिजतात, आणि जोनीचा वरचा स्वर तिथे फाटत असेल तर ती एलपी वस्तू म्हणून ठेवायला ठीक, ऐकायला नाही. अल्बम इतका शांत आहे की रॉकच्या रेकॉर्डवर कानाआड होईल असा चराही इथे गाण्यात हजेरी लावतो. आणि आतलं मिक्स तेच, वाडग्याखालचं.

ऐकण्यासाठी २०२१चा संचच घ्या. स्ट्रीमिंगवर असाल तर नोंदीपुढे २०२१ असा उल्लेख आहे ना ते बघून मगच गाणं लावा. जुनी नोंद शोधात वर येऊ शकते. नव्या मिक्समध्येही सळसळ आहे, विशेषतः गाणी विरताना. ती पूर्ण पुसली नाही हे बरंच झालं, पुसताना पुन्हा तेच झालं असतं.

पियानो आणि जादा माइक नसते तर ही गाणी कशी वाजली असती, याचं उत्तरही उपलब्ध आहे. १९ मार्च १९६८च्या रात्री, अल्बम बाजारात आला त्याच महिन्यात, ओटावातल्या ‘ल इबू’ कॉफीहाउसमध्ये जोनी गायली आणि मंचाच्या कडेला बसलेल्या जिमी हेंड्रिक्सनं आपल्या टेपरेकॉर्डरवर ते टिपलं. ती टेप नंतर चोरीला गेली, खूप वर्षांनी सापडली, आणि तिच्या जुन्या ध्वनिमुद्रणांच्या ‘आर्काइव्ह्ज’ मालिकेच्या २०२१च्या दुसऱ्या खंडात आहे. एका गिटारवाल्यानं दुसरीसाठी बेतानं ठेवलेला माइक, बाकी काही नाही. ‘मायकल फ्रॉम माउंटन्स’ तिथेही आहे. तवंगाच्या ओळीतला एकही शब्द बुडत नाही.